जाळीचा मोजा

साहेब, अंबादासचा हात तुम्ही घालवलात. मशीनने नाही आणि त्याच्या चुकीने तर नाहीच नाही. तुमच्या चौकशीच्या कागदावर 'कारागिराने सुरक्षा साधनाचा अयोग्य वापर केल्यामुळे' असं टाईप केलेलं आहे, खाली तुमची सही आहे. एकोणीस वर्षं झाली त्याला. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि आमच्या मटण मार्केटातल्या बाराही गाळ्यांना ठाऊक आहे.

अर्जाची भाषा मला येत नाही. झालं तसं लिहितो.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं केलंत. नगरपालिकेने मार्केटला नव्या पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या, पाण्याचे नळ आले होते, तुमच्याबरोबर फोटोवाला होता. "हात पुढे करा," म्हणालात. आम्हाला वाटलं, नखं बघणार. बारा खाटकांनी चोवीस हात पुढे केले.

माझ्यापाशी आलात आणि थांबलात. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर वण, तर्जनीवर दोन, तळव्यावर नऊ टाक्यांची आडवी रेघ. करंगळीचं टोक तेव्हाही बधिर होतं, आजही आहे.

"हा हात आहे की चाळण?" तुम्ही म्हणालात.

सगळे हसले. मीही हसलो.

"साहेब, चौदाव्या वर्षापासून सुरी धरतोय, वीस वर्षं झाली," मी म्हटलं.

"मग वीस वर्षांत धरायला शिकला नाहीत का? याला निष्काळजीपणा म्हणतात." आणि पुढच्या माणसाकडे सरकलात.

पुढचा माणूस अंबादास होता. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा बाप लवकर गेला, तेव्हापासून तो आमच्याच घरात वाढला, एका ताटात जेवलो आम्ही. त्याचे हात तुम्ही उलटेपालटे करून पाहिलेत. एक ओरखडा नाही. कारकुनासारखे हात.

"याला म्हणतात कारागीर!" तुम्ही त्याचा डावा हात वर धरलात, फोटोवाल्याने फोटो काढला, आणि मग पेटीतून तो मोजा निघाला.

स्टीलच्या बारीक कड्या एकात एक ओवलेल्या, मनगटाला पट्टा. सुरीने कापला जात नाही असा मोजा. आम्ही फक्त ऐकून होतो, मोठ्या शहरातल्या कंपन्यांत असतो म्हणून. नमुना म्हणून एकच आला होता. ज्याच्या हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं त्याच्या हातावर तुम्ही तो चढवलात. ज्याचा हात चाळण होता तो टाळ्या वाजवत होता.

एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती, साहेब. माझ्या अंगठ्यावरचा वण अंबादासचा आहे. तो पंधरा वर्षांचा असताना मी त्याला मांडी सोडवायला शिकवत होतो. बोकडाची मांडी मी धरलेली, सुरी त्याच्या हातात. सुरी घसरली ती माझ्या अंगठ्यात हाडापर्यंत. पुढे वर्षभर तो कापायचा आणि मी धरायचो. त्याचे हात कोरे राहिले ते असे.

पण हे कोण सांगणार? अंबादास बोलेल असं वाटलं. तो लाजत उभा होता, हातातल्या कड्या वाजवून बघत.

त्या मोज्याने मार्केट पालटलं. बायका मुद्दाम त्याच्या चार नंबरच्या गाळ्यावर थांबायला लागल्या. "अंबादास, तो चिलखताचा हात दाखव की आमच्या पोराला." तो दाखवायचा. सुरी तळहातावर ओढायचा, पोरं डोळे मिटायची, मग हसायची. माझ्या सात नंबरवर मी सुरी सळईवर घासत बसायचो. घासून घासून पातं झिजलं.

मी माझ्यापुरता एक मोजा केला. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापले, गोणपाटात शिवले, बोटांवर चढवले. मांसावर पकड बसेना. दुसऱ्याच दिवशी मांडी हातातून निसटली आणि तळव्यावर आणखी एक टाका बसला. मार्केटातला एक जण म्हणाला, "रंगा, तुझा हात म्हणजे टेलरचं दुकान." मी त्याला शिवी दिली, पण राग त्याचा नव्हता.

एका दुपारी अंबादास जेवायला घरी गेला होता. मोजा धुऊन त्याने खिळ्याला टांगला होता. मी आजूबाजूला बघितलं आणि घातला.

मापात बसला, साहेब. पट्टा आवळला. त्याचा भार मनगटावर आला तेव्हा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. नवरदेवासारखं वाटलं. सुरी घेतली आणि त्या नऊ टाक्यांवरून फिरवली. कड्यांवरून पातं नुसतं खरखरत गेलं. पुन्हा फिरवली. पुन्हा.

"दादा."

अंबादास दारात उभा. हातात माझ्यासाठी डबा, त्याच्या बायकोने, शेवंताने दिलेला.

"घाल की," तो म्हणाला. "मी काय म्हणतो, आलटून-पालटून वापरू. सकाळी मी, दुपारी तू. नाहीतर तूच ठेव. तुला जास्त लागतं."

मी मोजा काढून त्याच्या ओंडक्यावर टाकला. "तुझा उष्टा मोजा मला नको."

"उष्टा कसला? मोजाच तो."

"सायबाने दिलाय ना तुला? मिरव."

त्याने डबा ठेवला आणि मोज्याच्या कड्यांत अडकलेला मांसाचा कण काडीने काढत बसला. मी डबा उघडला नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी सुरी मांसाला लागत नाही. सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. मधला मान आबांच्या सुऱ्याचा. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या वडिलांचा तो सुरा, पोलाद असं की वर्षातून दोनदा धार लावली तरी पुरे. त्याच्या उजवीकडे माझा सत्तूर, डावीकडे अंबादासच्या सुऱ्या, मग कोयते, सळया, कातडं सोलायच्या लहान सुऱ्या. असंच चालत आलेलं.

त्या वर्षी शेवंता मोजा चिंचेने घासून घेऊन आली. चांदीसारखा चमकत होता. "आबा, हा कुठे ठेवू?"

आबांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. त्यांनी तो मोजा हातात घेतला, कड्या बोटांनी मोजत राहिले. आबांच्या डाव्या हाताला अडीचच बोटं होती.

"हा मधी ठेवा," ते म्हणाले. "मारायची हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या पुजली. राखायचं हत्यार पहिल्यांदाच घरात आलंय. अंबादास, तुझ्या हाताने ठेव." आणि मग माझ्याकडे बघून, "रंगा, तुझा सत्तूर जरा सरकव. जागा होत नाही."

मी सत्तूर सरकवला. तो पाटावरून खाली फरशीवर गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवंताने सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं, मोज्याच्या पाचही बोटांना लावलं, सत्तूर राहिला.

हे वाचून तुम्ही म्हणाल, याचा माझ्याशी काय संबंध? येतोय संबंध.

दिवाळीनंतर तुम्ही मशीन आणलीत. हाडं कापायची. उभी फिरणारी पोलादी पट्टी, तिला करवतीचे दात, समोर सपाट बैठक. नळी बैठकीवर ठेवायची आणि पट्टीकडे सरकवायची, लोण्यासारखी कापली जाते. मशीन बसवायला मिरजेहून इस्माईल मिस्त्री आला होता. दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात मी एकटाच लवकर आलो होतो. त्याला चहा आणून दिला. मशीनच्या बैठकीला टेकून आम्ही बोललो. त्याने मला हातात मावेल अशी एक लाकडी ठोकळी दिली आणि गेला. काय बोलला ते पुढे लिहितो. आत्ता लिहायला हात धजत नाही.

तिसऱ्या दिवशी तुमची नोटीस लागली. मशीनच्या मागच्या भिंतीवर, डकवून. तिच्यातला शब्द न्‌ शब्द मला पाठ आहे: 'मशीनसह सर्व कामांवर जाळीचा हातमोजा वापरणे सक्तीचे आहे. हातमोजा नसलेल्या व्यक्तीने मशीन चालवू नये. उल्लंघन झाल्यास गाळा रद्द.' खाली तुमची सही, शिक्का.

मोजा एकच. तेव्हा मशीनही अंबादासची झाली. बाराही गाळ्यांची हाडं त्याच्याकडे जायला लागली. आम्ही सगळे त्याच्यापुढे रांगेत, हातात नळ्या घेऊन. मीसुद्धा. "दादा, तू मधनं दे रे," तो म्हणायचा. मी मुद्दाम रांगेतच उभा राहायचो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, आमच्या गावात मटणावर उड्या पडतात. सकाळी सातपासून गर्दी होती. मशीन थांबत नव्हती. दहाच्या सुमाराला अंबादासने ती बंद केली आणि हात वर करून मोजा उजेडात धरला.

"दादा, इकडं बघ."

मी गेलो. मधल्या बोटाजवळची एक कडी उघडली होती. तारेचं टोक काट्यासारखं बाहेर आलं होतं.

"तीन दिवस झाले," तो म्हणाला. "मघाशी पट्टीला चाटून गेली. आवाज झाला. मशीनवर हा मोजा बरा वाटत नाही मला. काढून ठेवू का?"

मागे गर्दी ओरडत होती. "अंबादास, उरक की!" "पावणे आल्यात घरी!"

त्याने पुन्हा विचारलं. "दादा, तू सांग. काढू?"

इस्माईल मिस्त्री काय बोलला होता ते आता लिहितो.

तो म्हणाला होता, "भाऊ, सुरीच्या कामाला जाळी झकास. पण या मशीनवर हातात काही नको. कापड नको, रबर नको, जाळी तर बिलकूल नको. उघडं बोट लागलं तर कापेल, माणूस हात मागे घेईल. जाळी अडकली तर पट्टी सोडत नाही, अख्खा हात आत ओढते. ही ठोकळी घ्या, हिने ढकला. सगळ्यांना सांगा."

"सायबांना सांगितलं का?" मी विचारलं होतं.

"सांगितलं, कागदही दिला." त्याने खिशातून नक्कल काढून दाखवली होती. मराठीत छापलेल्या सूचना, पाचव्या नंबरला हेच. खाली 'वाचून स्वीकारले' असं निळ्या शाईत आणि तुमची सही.

"सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो होतो.

सांगितलं नव्हतं. नोटीस लागली तेव्हाही नाही. ठोकळी माझ्या गाळ्यात, हत्यारांच्या पेटीखाली पडून होती. दोन महिने रोज मी तिकडे बघत होतो आणि मनात एकच होतं: अडकू दे त्याचा मोजा. फाटू दे. त्या कड्या फरशीवर विखरू देत आणि सगळ्या मार्केटने बघू देत. साहेब, तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या मोज्यात हात आहे हे माझ्या मनात कधी आलंच नाही. मी फक्त मोजा मोडायची वाट बघत होतो.

"दादा, काढू का?"

मी भिंतीकडे बोट केलं. "वाच की. सक्तीचे आहे. गाळा घालवायचाय का?"

"ते खरंच," तो म्हणाला. त्याने पट्टा आवळला आणि मशीन चालू केली.

मी माझ्या गाळ्याकडे वळलो. सात पावलं गेलो असेन. मागून पाट्यावर गोटे ओतावेत तसा आवाज आला आणि मग मशीनचा सूर उतरला, जड झाला. अंबादास ओरडला नाही. ओरडल्या त्या बाया.

मुख्य बटण मीच बंद केलं. त्याचा हात पट्टीत गेला नव्हता, ओढला गेला होता. जाळीसकट. कड्या मांसात शिरल्या होत्या, कुठे लोखंड आणि कुठे माणूस ते कळत नव्हतं. मी जन्मभर हाडामांसाचंच काम केलं आहे, पण त्या वेळी कुठे धरावं ते मला कळेना.

जिल्ह्याच्या दवाखान्यात हात मनगटाच्या वरून काढला. संध्याकाळी तो शुद्धीत आला तेव्हा उशाशी मी होतो.

"दादा, मोजा?"

"असू दे आता."

"सायबांचा आहे. परत द्यावा लागेल." मग म्हणाला, "नियमच होता ना, दादा?"

"होय," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी तुम्ही चौकशीला आलात. भिंत कोरी होती. तुम्ही म्हणालात, मशीनवर मोजा घालायचा नसतो हे कंपनीच्या सूचनांत स्पष्ट आहे, या माणसाने तो घातलाच का? बाकीचे दहाच्या दहा जण बोलले, "नोटीस होती, साहेब. तुमचीच सही होती." तुम्ही चष्मा पुसलात. "कुठे आहे? दाखवा."

कुणाला दाखवता आली नाही. कारण ती मी काढली होती. अपघाताच्या रात्री, दवाखान्यातून आल्यावर, सुरीने कोपरे सोडवून. का? अंबादास सांगेल, दादानेच नोटिशीकडे बोट केलं, म्हणून. तुम्ही विचारत होतात तेव्हा ती माझ्या सदऱ्याच्या आत, पोटाला चिकटलेली होती, घामाने ओली. ती बाहेर काढली असती तर मिस्त्रीला बोलावणं गेलं असतं. मिस्त्रीने सांगितलं असतं, मी दोघांना बजावलं होतं. एक साहेब. दुसरा कोण?

मग तुम्ही आणि मी, दोघेही गप्प बसलो. आणि चूक अंबादासची ठरली.

त्याने ती मानलीही. एकोणीस वर्षं तो गाळ्यावर येणाऱ्याला सांगतो, "माझाच वेंधळेपणा. मशीनवर मोजा घालायचा नसतो." कापायचं काम त्याचा गडी करतो, तो उजव्या हाताने तराजू धरतो. खंडेनवमीला पाटावर मधली जागा शेवंता रिकामी ठेवते. गेल्या वर्षी तिने माझा सत्तूर उचलून तिथे ठेवला. "भावजी, तुमचं हत्यार मधी असू द्या. तुम्ही होता म्हणून हे जगले, बटण तुम्ही बंद केलंत." तिने त्याला कुंकू लावलं. मी उठून बाहेर गेलो.

काल दुपारी, मार्केट बंद झाल्यावर, मी हे सगळं अंबादासला वाचून दाखवलं. सुरुवातीपासून इथपर्यंत. नोटीस त्याच्यापुढे ठेवली. ठोकळीही ठेवली. त्याने ठोकळी उचलून मुठीत धरून पाहिली.

त्याने ती परत खाली ठेवली. मग म्हणाला, "तुला तो मोजा एवढा पाहिजे होता?"

"हो."

"मी देत होतो की रे."

साहेब, मी मान खाली घालून बसलो. त्याने नोटीस पुढे ओढली, थोट्या हाताखाली दाबून उजव्या हाताने सरळ केली आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. "तुझं कळलं," तो म्हणाला. "आता यांना विचार."

म्हणून विचारतोय. माझ्या मनात काय होतं ते मी वर लिहिलं आहे, त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही. मला मत्सराने खाल्लं. तुम्हाला कशाने खाल्लं? पाचवी सूचना तुमच्या हातात होती आणि तिसऱ्याच दिवशी तुम्ही तिच्या उलट नोटीस काढलीत. फोटोतला मोजा मशीनवरही दिसायला हवा होता, म्हणून? की सही केलीत आणि कागद वाचलाच नाहीत? 'वाचून स्वीकारले' असं तुमच्या अक्षरात आहे.

वाचलं होतंत का? हो की नाही?

उत्तर माझ्या नावावर नको. गाळा नंबर चारवर, अंबादासच्या नावाने पाठवा. पाकीट फार घट्ट डकवू नका. त्याला ते दातांनी फोडावं लागतं.